टॉमी जॉनचे कोपर

यंदाच्या उन्हाळ्यात भालाफेक करणाऱ्या एका शाळकरी मुलाला घेऊन त्याचे वडील माझ्याकडे आले. मुलाचे कोपर आतल्या बाजूस दुखत होते, परंतु लिगामेंट शाबूत होते. तरीही वडिलांचा आग्रह, "डॉक्टरसाहेब, ती अमेरिकेतली शस्त्रक्रिया करूनच टाका. हात पहिल्यापेक्षा जोरकस होतो म्हणतात." हा गैरसमज खुद्द अमेरिकेतील पालकांतही आढळतो. तेव्हा मी त्यांना जी हकीकत सांगितली, तीच येथे मांडतो. अस्थिरोगतज्ज्ञ बंधूंना ती ठाऊक असेल. त्यांनी क्षमा करावी.

टॉमी जॉन हा बेसबॉलमधील डावखुरा पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू. १९७४ च्या हंगामात लॉस एंजेलिस डॉजर्स संघाकडून त्याने १३ सामने जिंकले होते आणि अवघे ३ गमावले होते. १७ जुलै रोजी चेंडू फेकताना त्याच्या डाव्या कोपराच्या आतील अल्नर कोलॅटरल लिगामेंट तुटले. वेगाने फेक करताना कोपर बाहेरच्या बाजूस उघडू पाहते. त्यास आवरून धरणारा हाच मुख्य बंध. तो तुटला की पिचरची कारकीर्द संपली, असे तोवर समजले जाई.

संघाचे शल्यचिकित्सक डॉ. फ्रँक जोब यांनी त्याला स्वच्छ सांगितले, की यश शंभरात एक. शस्त्रक्रिया न केल्यास मात्र शून्य. हा स्पष्टपणा मला त्यांच्या शस्त्रकौशल्याइतकाच मोलाचा वाटतो. २५ सप्टेंबर १९७४ रोजी त्यांनी जॉनच्या उजव्या मनगटातील पामारिस लाँगस स्नायूची कंडरा काढली आणि डाव्या कोपराच्या दोन्ही हाडांना छिद्रे पाडून त्यांतून ओवली. (अंगठा व करंगळी जुळवून मनगट किंचित वाकवावे; मधोमध जी दोरी उठते ती ही. काहींना ती जन्मतःच नसते आणि त्यांचे काही अडत नाही.)

पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. कोपरामागून जाणारा अल्नर ज्ञानतंतू, ज्याला धक्का लागताच करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात तो, कामातून गेला. बोटे वाकडी झाली, मूठ धड वळेना. डिसेंबरात त्याच कोपरावर दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. १९७५ चा संपूर्ण हंगाम सरावात गेला. ज्ञानतंतू सावरेपर्यंत तर चेंडू पकडणे हीच कसरत होती. कंडरा रोवली म्हणजे लिगामेंट झाले नव्हे. तिला रक्तपुरवठा मिळून ती नव्या कामास सरावण्यास महिनोन्‌महिने लागतात, आणि त्या काळात घाई करणाऱ्याचे सारे फुकट जाते.

एप्रिल १९७६ मध्ये जॉन मैदानात परतला. त्या वर्षी १० विजय, १० पराभव. १९७७ मध्ये २० विजय. पुढे न्यूयॉर्क यांकीजकडून त्याने १९७९ मध्ये २१ आणि १९८० मध्ये २२ सामने जिंकले. १९८९ मध्ये, वयाची ४६ वर्षे पुरी करून, तो थांबला. एकूण २८८ विजयांपैकी १६४ त्या शस्त्रक्रियेनंतरचे!

जोब यांनी मात्र लगोलग दुसरे कोपर हाती घेतले नाही. सुमारे दोन वर्षे वाट पाहिली. १९८६ साली त्यांनी १६ खेळाडूंचा अहवाल प्रसिद्ध केला, त्यांतील १० जण पूर्वीच्या पातळीवर परतले होते. आज दहांपैकी आठांहून अधिक परततात, तेही वर्ष-दीड वर्षाने. परततात, पुढे जात नाहीत. जो कोणी परतल्यावर अधिक जोराने फेकतो, त्याचे श्रेय बहुधा त्या वर्षभराच्या व्यायामाला असते आणि तो व्यायाम शस्त्राविनाही करता येतो.

वडील नाखुशीनेच उठले. मुलगा फिजिओथेरपीसाठी नियमित येतो. दोन महिने भाल्याला हात लावायचा नाही, एवढी एकच अट त्याला फार जड जाते आहे.