रुग्णाला वेगळं का ठेवतात?



कोरोनात 'विलगीकरण' हा शब्द आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसला. पण साथीच्या रुग्णांसाठी वेगळा दवाखाना ही गोष्ट आपल्याकडे जुनीच आहे. मुंबईत आर्थर रोडवर 1892 साली असं रुग्णालय सुरू झालं. आजचं कस्तुरबा रुग्णालय ते हेच.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. रुग्णांना सक्तीने तिथं नेऊ लागले. तिथं गेलेला माणूस परत येत नाही, असं लोक बोलायला लागले. (घरचे शेवटच्या क्षणापर्यंत लपवायचे, मग वाचणार कसा?) 29 ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने त्या रुग्णालयावरच हल्ला केला.

पुण्यात 1897 मध्ये तर रँडसाहेबाचे सैनिक घराघरात घुसून रुग्ण शोधत. बायकांनासुद्धा उघड्यावर तपासत. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या दवाखान्यातल्या बायकांच्या सुरक्षेबद्दल जाहीर तक्रार केली होती. आता सांगा, अशा वेळी आपण तरी घरातलं दुखणं सांगितलं असतं का?

त्याच साथीत सावित्रीबाई आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत हडपसरजवळ प्लेगचा दवाखाना चालवत होते. तोही वस्तीबाहेरच होता बरं का. पण तिथं सावित्रीबाई स्वतः रुग्णांना आणायच्या, सेवा करायच्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं. त्यांनाही लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या.

गंमत म्हणजे गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे नंतर सिद्ध झालं. म्हणजे नुसती माणसं हलवून तो थांबणारच नव्हता. म्हणून आता आधी बघतात, रोग पसरतो कशाने? गोवर, टीबी हवेतून पसरतात. अशा रुग्णाच्या खोलीतली हवा बाहेरच्या वऱ्हांड्यात येऊ नये म्हणून मोठ्या रुग्णालयात ती यंत्राने खेचून बाहेर सोडतात. घरी असाल तर खिडक्या उघड्या ठेवा, रुग्णाला मास्क द्या. टीबीच्या रुग्णाचं ताट-वाटी मात्र वेगळी करायची गरज नाही, टीबी भांड्यांतून पसरत नाही.

घरातल्या कुणाला वेगळ्या वॉर्डात ठेवलं, तर डॉक्टरांना न घाबरता विचारा: किती दिवस ठेवणार? रोज खबर कोण देणार? फोनवर बोलता येईल का? बाई रुग्ण असेल तर रात्री नर्स असते ना?

पुढच्या बैठकीत आणखी कोणते प्रश्न विचारायला हवेत ते ठरवा आणि सीआरपी ताईंकडे लिहून द्या.