कृष्णद्रव्याचा जन्म

पावसाळा सरल्यानंतर माण-खटावच्या अथवा जत-आटपाडीच्या माळरानावर अमावास्येच्या रात्री उभे राहिले, म्हणजे आकाशगंगेचा फिकट पट्टा स्पष्ट दिसतो. परंतु विश्वातील एकूण द्रव्यापैकी तारे, वायू, धूळ आणि आपण स्वतः मिळून जेमतेम सहावा हिस्सा भरतो. उरलेले पाच हिस्से प्रकाश देत नाहीत व तो अडवीतही नाहीत. यालाच कृष्णद्रव्य म्हणतात.

त्याची पहिली चाहूल १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांना लागली. कोमा समूहातील दीर्घिकांचे वेग इतके मोठे होते, की केवळ दृश्य द्रव्याच्या गुरुत्वाकर्षणाने त्या एकत्र राहिल्याच नसत्या. प्रारंभीच्या विश्वात साधे द्रव्य प्रारणाच्या दाबामुळे एकवटू शकत नव्हते. कृष्णद्रव्यावर तो दाब नव्हता, म्हणून त्याचे पुंजके आधी बनले व त्यांत पुढे दीर्घिका घडल्या. तेव्हा कृष्णद्रव्य कसे जन्मले, हा प्रश्न आपल्या अस्तित्वाशीच निगडित आहे.

न्यूट्रिनोचे अनुमान

या प्रश्नाच्या एका आद्य उत्तराशी महाराष्ट्राचा संबंध आहे. नागपूर येथे जन्मलेले व मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेले रामनाथ कौसिक यांनी जे. मॅक्लेलंड यांच्यासमवेत १९७२ व १९७३ साली एक विचार मांडला. महास्फोटानंतर सुमारे एका सेकंदात न्यूट्रिनो इतर द्रव्यापासून अलग झाले. त्यांची संख्या अफाट आहे. प्रत्येकास अत्यल्प वस्तुमान असले, तरी दीर्घिकासमूहांना बांधून ठेवण्याइतका त्यांचा एकत्रित भार होईल.

न्यूट्रिनोला वस्तुमान असल्याचे १९९८ साली जपानमधील प्रयोगाने दाखविले; परंतु ते फारच थोडे आहे. शिवाय प्रारंभी हे कण इतके वेगवान होते, की त्यांनी लहान पुंजके पुसून टाकले असते. त्यामुळे न्यूट्रिनो हे मुख्य कृष्णद्रव्य नव्हे, हे निश्चित झाले. तथापि आदिकाळातील अवशिष्ट कणांचे वजन आकाशाच्या निरीक्षणांवरून अजमावण्याची रीत टिकून राहिली.

उरलेले जड कण

दुसरा सिद्धान्त जड, परंतु क्वचितच आंतरक्रिया करणाऱ्या कणांचा आहे. पालीच्या खंडोबाच्या यात्रेत पावलोपावली माणसे एकमेकांस भेटतात. यात्रा पांगली, की भेटी थांबतात. तप्त विश्वात असे कण जोडीने निर्माण होत व परस्परांस भेटताच नष्ट होत. विश्व थंडावले तेव्हा नवनिर्मिती थांबली. विश्व प्रसरण पावले तेव्हा भेटीही दुर्मिळ झाल्या. जे उरले, ते कायमचे उरले. अतिसममितीच्या सिद्धान्तात असा कण संभवतो. पुण्यात जन्मलेल्या रोहिणी गोडबोले (१९५२–२०२४) यांनी या सिद्धान्तातील कणांचा सखोल अभ्यास केला. मात्र जमिनीखाली खोलवर बसविलेल्या शोधकांना असा कण अद्याप निर्विवादपणे सापडलेला नाही.

अन्य दोन मार्ग

ॲक्सिऑन हा कण अत्यंत हलका मानला जातो. तो उष्णतेतून न जन्मता एका क्षेत्राच्या आंदोलनातून थंड स्थितीतच निर्माण झाला असावा, अशी कल्पना आहे. चौथी कल्पना आद्य कृष्णविवरांची होय. विश्वाच्या आरंभी अतिघन भाग कोसळून ती बनली असावीत, असे स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ साली सुचविले. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारावयाच्या लायगो-इंडिया प्रकल्पास २०२३ मध्ये केंद्र शासनाची मंजुरी मिळाली. सूर्याहून पुष्कळ हलके कृष्णविवर अशा वेधशाळांना आढळले, तर ताऱ्यापासून ते बनणे शक्य नसल्याने या कल्पनेस मोठे बळ मिळेल.

यांपैकी एकही सिद्धान्त आजवर सिद्ध झालेला नाही. परंतु कौसिक यांच्या अनुमानाने एक गोष्ट शिकविली आहे: काळजीपूर्वक मांडलेले व मोजून पाहता येणारे उत्तर अपुरे ठरले, तरी पुढील शोधाची वाट आखून देते. सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांत आज पदार्थविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ही वाट खुली आहे.