वह्या सगळ्या गेल्या का?

चि. मुग्धास अनेक आशीर्वाद.

काल ताईचा फोन आला. म्हणाली, मुग्धाने मालवणीतल्या गोष्टींच्या वह्या परसात पातेऱ्याबरोबर जाळल्या. खरं आहे का हे? सगळ्या जाळल्यास, की एखादी राहिली? संपादकांनी ‘भाषा शुद्ध करून द्या’ म्हटलं, एवढ्यावर? ताई रडत होती, म्हणून तिला जास्त विचारवलं नाही.

झोरा नील हर्स्टन या अमेरिकन लेखिकेबद्दल तुला मागे सांगितलं होतं, पण अर्धवट. आता पुरतं ऐक. फ्लोरिडातल्या ईटनव्हिल या कृष्णवर्णीयांच्या गावात ती वाढली आणि त्या गावची बोली तिने कादंबऱ्यांत आणली. गुलामीतून वाचलेल्या एका म्हाताऱ्याची हकिकत तिने त्याच्याच बोलीत लिहिली, तर प्रकाशक म्हणाले, भाषा बदला. तिने नाही बदलली. ते पुस्तक निघालं २०१८ साली! ‘देअर आईज वेअर वॉचिंग गॉड’ ही तिची १९३७ची कादंबरी रिचर्ड राइटसारख्या लेखकाने झोडपली, आणि पुढे ती मिळेनाशीच झाली. १९५०मध्ये झोरा मायामीत लोकांकडे घरकाम करत होती. शेवटी फोर्ट पियर्सला गरिबांच्या सरकारी आश्रयगृहात राहिली आणि १९६०मध्ये गेली. मातीला लोकांनी वर्गणी काढली. थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता.

आणि मग घर आवरताना तिचे कागद जाळायला काढले, मुग्धा. तिच्या ओळखीचा एक डेप्युटी शेरीफ, पॅट्रिक डुव्हाल, तिथून चालला होता. धूर बघून थांबला, आग विझवली. कडा करपलेले ते कागद आज फ्लोरिडा विद्यापीठात आहेत. हेरोद राजावरची तिची अपुरी कादंबरी त्यांतच होती, ती २०२५मध्ये छापली. तिथे जाळणारे निदान परके होते. तू आपल्या हाताने? तुझ्या परसावरून कोण जाणार होतं गं?

१९७३ साली अ‍ॅलिस वॉकर ही तरुण लेखिका ‘मी झोराची भाची’ असं खोटंच सांगत फोर्ट पियर्सला पोचली, कमरेएवढ्या गवतात शिरून अंदाजाने थडग्याची जागा ठरवली आणि दगड बसवला. पुढे कादंबरी पुन्हा छापली, विद्यापीठांत लागली. झोराला त्यातलं काहीच कळलं नाही. म्हणून मागाहून नाव होतं वगैरे मी तुला सांगणार नाही. मला तुझं पुस्तक तुझ्या हातात बघायचं आहे, माझे डोळे धड आहेत तोवर.

तुझ्या वयात माझीही एक कथा परत आली होती. ट्रंकेच्या तळाशी घातली. मग बी.एड., लग्न, शाळा. वाळवीने खाल्ली तेव्हा त्यातल्या बाईचं नावही आठवेना. अजून आठवत नाही.

फार बोलले ना? तुझा राग मला कळतो गं. इतकं जीव ओतून लिहिलेलं असं परत आलं की वाटतं, नकोच ते डोळ्यांसमोर. पण एखादी वही राहिली असली तर जपून ठेव. नसली, तरी तुझी सुरंगी मला आठवते. डोक्यावरची पाटी न उतरवता सासूशी भांडते ते पान तू दिवाळीत वाचलंस ना, ते भांडण सगळं आठवतंय. रविवारी सकाळच्या गाडीने कुडाळला येते. मी आठवेल तसं सांगेन, तू लिही. नाही लिहावंसं वाटलं तर दोघी नुसत्या पडवीत बसू. आईवर चिडू नकोस, घाबरून फोन केला तिने.

आणि हाताला कुठे भाजलं नाही ना? तेवढं आधी कळव.

तुझी,
मावशी