पिंजायला देताना कापसावरची नजर हलवू नका

हिवाळा तोंडावर आला की अकोल्यात गल्लोगल्ली रुई पिंजायच्या मशीनच्या गाड्या फिरू लागतात. आमच्याही दारात अशी एक गाडी आली. घरात माझ्या माहेरच्या दोन रजया होत्या, अंजनगावकडच्या शेतातल्या कापसाच्या. वापरून वापरून त्या पार चपट्या झाल्या होत्या. गाडीवाला म्हणाला, "कोपऱ्यावर गाडी लावतो, तासाभरात आणून देतो." रजया परत आल्या तेव्हा अशा टम्म फुगलेल्या होत्या, की घरचे सगळे खूश झाले.

थंडी पडली आणि महिनाभरात मधला कापूस कडेला सरकला. हाताला गोळे लागू लागले. रजई जड, पण ऊब नाही. एका बाजूची शिवण उसवून पाहिली, तर आत राखाडी भुसकट, त्यात लाल-हिरव्या धाग्यांचे तुकडे. कपड्यांच्या चिंध्या मशीनमध्ये फाडून केलेली ती रुई होती. आमचा पांढरा कापूस गेला तो गेलाच. गाडी पुन्हा त्या गल्लीत आली नाही.

नुकसान पैशांत थोडं होतं, पण तो कापूस आता बाजारात सहज मिळत नाही. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूर-अकोटकडे, पूर्वी देशी कापूस भरपूर पिकायचा. त्याचा धागा आखूड, जाड, जरा राठ. बारीक सुताला तो कमी पडतो, पण गादी-रजईला तोच चांगला. दबला तरी ऊन दाखवलं की पुन्हा फुलतो, आणि ऊब देते ती त्या फुगाऱ्यात अडकलेली हवाच. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं देशी कपाशीचे सुधारित वाण दिले आहेत. ओळखीतला कोणी शेतकरी ते लावत असेल, तर चार-पाच किलो कापूस सांगून ठेवा आणि सरकी काढूनच घरी आणा.

जुना कापूस पिंजायला द्याल तेव्हा तो डोळ्यांसमोर, आपल्याच अंगणात पिंजून घ्या. आधी वजन करा, नंतरही करा. धूळ आणि किटाळ निघाल्यानं वजन थोडं घटणारच; उलट वाढलं, तर खोळ शिवू देऊ नका. शंका आली तर चिमूटभर रुई काढून चुलीजवळ नव्हे, मोकळ्या जागी वाटीत पेटवून पाहा. कापूस कागदासारखा जळतो, त्याची मऊ राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. दोन्हींची भेसळ असेल, तर राखेत खडे लागतात.

गोधडीचं मात्र कोणावाचून अडत नाही. तिला लागतं ते सगळं घरात असतं. माझी माय म्हणायची, "वरून तं कोनीबी सजवते, पोटात काय हाय ते पाह्य." म्हणून पोटात जुनी सुती लुगडीच घाला. एका नऊवारीचे चार सारखे तुकडे करून दोन-दोन जोडले, की दोन माणसांच्या गोधडीचे दोन थर निघतात. नायलॉनची साडी घामही शोषत नाही आणि शेकोटीची एक ठिणगी पडली की अंगाला चिकटते. ती आतही नको, वरही नको. अस्तराला नवं मांजरपाट घेतलं, तर आधी रात्रभर भिजवून त्याची खळ काढा. नाही तर पहिल्याच धुण्यात अस्तर आटतं आणि वरच्या जुन्या कापडाला झोळ पडतो.

थर जमिनीवर ताणून अंथरा, चारी कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा असं काही जड ठेवा आणि आधी मोठे कच्चे टाके घाला. मगच कडेकडेनं धावदोरा सुरू करून आत आत जा. सुती दोरा हातभरच घ्या, मेणावरून ओढा. लांब दोऱ्याला गाठी पडतात. ओळींमध्ये बोटभराहून जास्त अंतर ठेवू नका. ठिगळाची लाज तर बिलकूल नको. आमच्या माहेराजवळच्या शेंडगावात 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणत, ते अंगावरच्या ठिगळांच्या वस्त्रामुळेच.

कापसाची रजई कधी पाण्यात घालू नका, गोळे होतात ते सुटत नाहीत. जुन्या चादरीची बंदांची खोळ शिवा आणि तीच धूत जा. वैशाखात रजई उलटी करून दोन दिवस कडक ऊन दाखवा. संध्याकाळी लगेच पेटीत भरू नका, आधी निवू द्या. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळलेलाच, ओल्याचे डाग पडतात. उरलेल्या मऊ तुकड्यांचं बाळाला दुपटं होतं. फक्त जर, हुक, टिकल्या आधी काढून टाका आणि ते दुपटं अंथरायलाच वापरा, झोपलेल्या तान्ह्याच्या तोंडाजवळ सैल कापड नको.