उच्चार एक, अर्थ दोन

गृहकर्जाच्या पत्रव्यवहारात 'इन प्रिन्सिपल' हा शब्दप्रयोग हमखास आढळतो. कानाला एकच वाटणाऱ्या या उच्चाराचे इंग्रजीत दोन शब्द आहेत. शेवटी 'पी-एल-ई' असलेला शब्द म्हणजे तत्त्व. 'पी-ए-एल' असलेला म्हणजे मुद्दल अथवा प्रमुख. (महाविद्यालयाचे प्रिन्सिपॉल ते हेच.) दोहोंचे मूळ 'प्रथम' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे, त्यामुळे हे साम्य योगायोगाचे नव्हे.

बँक देते ती तत्त्वतः मंजुरी. अर्जदाराचे उत्पन्न, परतफेडीची क्षमता व पूर्वीच्या कर्जांचा इतिहास पाहून अमुक रकमेपर्यंत कर्जाचा विचार करता येईल, एवढेच त्या पत्रात म्हटलेले असते. घराच्या मालकीहक्काची छाननी आणि मूल्यांकन बहुधा त्यानंतर होते. 'मुद्दल मंजूर झाले' अशा समजुतीने एखाद्याने विक्रेत्यास मोठा इसार दिला आणि पुढे कागदपत्रांत दोष निघाला, तर कर्ज नाकारले जाऊ शकते. इसार परत मिळणे मात्र विक्रेत्याशी झालेल्या करारावर अवलंबून राहते. म्हणून ग्राहकांनी पत्रातील अटी आधी वाचाव्यात, आणि काउंटरवरील सहकाऱ्यांनीही 'तत्त्वतः' हा शब्द उच्चारण्याचा आळस करू नये. येथे मराठी शब्द इंग्रजीहून अधिक स्पष्ट आहे.

दुसरी जोडी 'इन लियू ऑफ' आणि 'इन व्ह्यू ऑफ' यांची. पहिलीचा अर्थ 'ऐवजी', दुसरीचा 'लक्षात घेता'. फ्रेंच भाषेत 'लियू' म्हणजे जागा. दुसऱ्याच्या जागी काम पाहणारा तो लेफ्टनंट. समजा, एका दुकानदाराने कर्जमर्यादा वाढवून मागताना दुकानाच्या गहाणाचा उल्लेख करून मुदत ठेवीची पावती देऊ केली. 'इन व्ह्यू ऑफ' लिहिले, तर गहाण आहे हे ध्यानात घेऊन ठेवही तारण ठेवावी, असा अर्थ होतो. 'इन लियू ऑफ' लिहिले, तर गहाणाऐवजी ठेव घ्यावी, म्हणजेच दुकान मोकळे करावे, अशी ती मागणी ठरते. संगणकाची शब्दतपासणी येथे सहसा उपयोगी पडत नाही, कारण दोन्ही स्पेलिंगे बिनचूक असतात.

'वेव्ह'ची गोष्ट त्या मानाने निरुपद्रवी. 'आय' हे अक्षर असलेला शब्द म्हणजे हक्क सोडणे, नसलेला म्हणजे हात हालवणे. दंडात्मक आकार माफ करण्याच्या अर्जात हे अक्षर गळाले, तरी अधिकाऱ्यांना आशय समजतोच. थोडे हसू येते, इतकेच.