माचनूरचा आवाज

रेडिओवर बोलणारे बहुधा दूरच्या शहरात असतात आणि ऐकणारे गावोगावी. परंतु ऐकणाऱ्यांनीच बोलावयाचे ठरविले तर? या पाठात आपण अशाच एका लहान नभोवाणी केंद्राचा इतिहास पाहणार आहोत.

जहीराबाद हे आजच्या तेलंगणातील एक लहान शहर. त्याच्या आसपासची शेती बव्हंशी कोरडवाहू. या भागात १९८३ पासून डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था काम करू लागली. तिच्या प्रयत्नांतून गावोगावी गरीब स्त्रियांची, मुख्यतः दलित स्त्रियांची मंडळे स्थापन झाली. या मंडळांना तेथे ‘संघम’ म्हणतात. या स्त्रियांनी पडीक जमिनी लागवडीखाली आणल्या आणि ज्वारी, राळे यांसारख्या धान्यांचे पारंपरिक बियाणे जपले. त्यांच्यापैकी अनेकींना अक्षरओळख नव्हती. मात्र कोणते बी कोणत्या जमिनीत पेरावे, याचे ज्ञान त्यांना मुखोद्गत होते. हे ज्ञान एका गावातून दुसऱ्या गावात कसे न्यावे? ज्यांना वाचता येत नाही, त्यांना ग्रंथाचा काय उपयोग? त्यांच्याजवळ होता तो केवळ आवाज.

१९९८ च्या सुमारास युनेस्कोच्या साहाय्याने माचनूर या गावी ध्वनिमुद्रणाची सोय झाली. स्त्रिया आपल्या बोलीत शेती, आरोग्य, सण आणि लोकगीते यांवर कार्यक्रम तयार करू लागल्या. पण प्रसारणाचा परवाना कोठे होता? म्हणून त्या ध्वनिफिती संघमांच्या बैठकींत नेऊन ऐकविल्या जात. सर्व सिद्धता असूनही सुमारे दहा वर्षे हे केंद्र मुकेच राहिले.

याचे कारण कायद्यात होते. १८८५ च्या तार अधिनियमापासून प्रसारणाचा अधिकार शासनाकडे राहिला होता. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात महत्त्वाचा निर्णय दिला. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे त्यात स्पष्ट केले गेले. न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे त्या निर्णयाचे एक लेखक होते. गंमत अशी, की हा खटला क्रिकेट सामन्यांच्या दूरदर्शनवरील प्रक्षेपणातून उद्भवला होता. पण त्याचा प्रकाश खेड्यांतील झोपड्यांपर्यंत पोहोचला.

तत्त्व मान्य झाले, तरी वाट मोकळी होण्यास वेळ लागला. २००२ मध्ये केवळ शिक्षणसंस्थांना सामुदायिक रेडिओ चालविण्याची मुभा मिळाली. त्यानुसार २००४ मध्ये चेन्नई येथील अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. पुढे २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही हा अधिकार दिला. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हावेत, अशी अट त्यात होती. माचनूरच्या स्त्रिया तर हेच कार्य आधीपासून करीत होत्या!

अखेर १५ ऑक्टोबर २००८ रोजी, ग्रामीण महिलांच्या आंतरराष्ट्रीय दिनी, ९०.४ मेगाहर्ट्झवर ‘संघम रेडिओ’ सुरू झाला. उद्घाटनास स्वतः न्यायमूर्ती सावंत उपस्थित होते. ज्यांनी निर्णय लिहिला, त्यांच्याच हस्ते त्याचे फळ प्रत्यक्षात आले. नरसम्मा नावाच्या दोन दलित तरुणींनी केंद्राचा कारभार सांभाळला. सायंकाळी शेतातील कामे आटोपल्यावर दोन तास हे प्रसारण होत असे. आपल्याच शेजारणीचा आवाज आपल्याच बोलीत ऐकताना त्या गावांतील श्रोत्यांना केवढा अभिमान वाटला असेल!

लोकशाहीत मत देण्याचा हक्क जितका मोलाचा, तितकाच आपले म्हणणे मांडण्याचाही. लिपी न जाणणाऱ्या माणसाजवळही सांगण्यासारखे पुष्कळ असते, हेच या केंद्राने सिद्ध केले.

स्वाध्याय
१. १९९५ च्या निर्णयानंतरही माचनूरच्या केंद्रास वाट का पाहावी लागली?
२. ‘सर्व सिद्धता असूनही हे केंद्र मुकेच राहिले’ या विधानाचा आशय स्पष्ट करा.
३. तुमच्या परिसरात रेडिओ केंद्र सुरू झाल्यास कोणाचे बोलणे प्रथम ऐकवाल? सकारण लिहा.