ओटीपोटाचे दुखणे : अंगावर काढू नका, शस्त्रक्रियेची घाईही करू नका



उसाचे पान पिवळे पडले की गट कार्यालयात पहिला प्रश्न येतो, "साहेब, युरिया टाकू का?" आम्ही म्हणतो, थांबा, आधी मूळ बघू. चुनखडीच्या रानात लोह कमी पडले तर पान पिवळे पडते, पाणी साचले तरी पडते आणि मुळाला हुमणी लागली तरी पडते. हुमणीच्या उसाला युरिया टाकला तर खताचा खर्च जातो आणि बेटही जाते.

बेंबीखालच्या, म्हणजे ओटीपोटाच्या दुखण्याचे तसेच आहे. दुखणे ही खूण आहे, रोग वेगळाच असतो. आम्ही शेतकीची माणसे, डॉक्टर नव्हे. पण गेल्या हंगामात एका सभासदाने दोन दिवस "गॅस असेल" म्हणून पोट शेकले, चोळले, एरंडेल घेतले. आंत्रपुच्छ, ज्याला आपण अपेंडिक्स म्हणतो, ते आत फुटले. माणूस वाचला, पण महिनाभर खाटेवर होता. म्हणून यंदा हा विषय घेतला आहे.

दुखते कशाने?

साधी कारणे पुष्कळ : बद्धकोष्ठ, गॅस, पाळीच्या दिवसांतली कळ. दुसरे कारण लघवीचे. आपल्या भागात ऊन कडक. फडात पाणी कमी प्यायले जाते, बायामाणसे आडोसा नाही म्हणून लघवी दाबून ठेवतात. त्यातून जळजळ आणि जंतुसंसर्ग होतो. पाणी कमी पडल्याने मुतखडाही धरतो; त्याची कळ पाठीतून जांघेकडे उतरते. पुरुषांत मोळ्या उचलताना जांघेत गोळा येतो, तो हर्निया. उतारवयात प्रोस्टेट वाढून लघवी अडते. बायकांत गर्भाशयाचा व नळ्यांचा संसर्ग, गाठी, अंडाशयाची गाठ अशी कारणे असतात.

वेदनाशामक गोळीने कळ थांबते, कारण तसेच राहते. अंगात पाणी कमी असताना अशा गोळ्या रोज खाल्ल्या तर मूत्रपिंडावरही ताण येतो.

त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा

1. बेंबीजवळ सुरू झालेले दुखणे उजव्या बाजूला खाली सरकले, चालताना-खोकताना वाढते, सोबत ताप किंवा उलटी आहे.
2. पोट फळीसारखे कडक झाले, किंवा शौच व वारा दोन्ही बंद होऊन उलट्या सुरू झाल्या.
3. पाळी चुकली आहे आणि एका बाजूला जोराची कळ येते, चक्कर येते किंवा अंगावरून रक्त जाते. गर्भ नळीत राहिला असू शकतो. यात बाईचा जीव काही तासांत जाऊ शकतो. गरोदर बाईचे कोणतेही मोठे दुखणे याच यादीत धरावे.
4. जांघेतला गोळा आत जात नाही आणि दुखतो.
5. लघवी पूर्ण अडली, किंवा लघवीच्या त्रासासोबत थंडी वाजून ताप आला.
6. मुलाच्या अंडात एकाएकी कळ उठली. पीळ पडलेला असेल तर सहा तासांच्या आत इलाज व्हावा लागतो. पोरगा लाजून पोट दुखते एवढेच सांगतो, म्हणून विचारून घ्यावे.

अशा वेळी पोट चोळू नये, जुलाब देऊ नये, खायला घालू नये. ट्रॅक्टर रिकामा होण्याची वाट न बघता 108 ला फोन करावा.

दोन-चार दिवसांत दाखवा

लघवीला जळजळ, अंगावरून वास येणारे पांढरे जाणे, पाळीत फार रक्त जाणे, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणे, शौचातून रक्त, आठवडाभर राहिलेले किंवा परत परत येणारे दुखणे, विनाकारण वजन उतरणे.

गर्भाशय काढण्याची घाई नको

आता जी गोष्ट सांगायची ती आपल्या धंद्याशी जोडलेली आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात 2019 मध्ये ऊसतोडणी करणाऱ्या 82,309 महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. किती तरी जणींची तक्रार ओटीपोट दुखणे, अंगावरून जाणे एवढीच होती. खाडा पडला तर पैसे कापले जातात, म्हणून "कटकट एकदाची जाऊ द्या" असे त्यांना वाटले. 5 एप्रिल 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी लागू करावीत, असा आदेश दिला.

पांढरे जाणे आणि संसर्ग बहुधा औषधाने बरे होतात. मात्र गोळ्या पूर्ण घ्याव्या लागतात आणि अनेकदा नवऱ्यालाही घ्याव्या लागतात. सोनोग्राफीत दिसलेली प्रत्येक गाठ कापावी लागत नाही. गर्भाशयासोबत अंडाशयेही काढली तर ऐन तिशीत पाळी जाते, हाडे ठिसूळ होतात. कर्करोग, न थांबणारा रक्तस्राव अशा वेळी शस्त्रक्रिया जरूर करावी. पण आधी विचारावे : निदान काय? औषधाने जमेल का? अंडाशये ठेवणार का? कागद घेऊन उपजिल्हा रुग्णालयात किंवा धाराशिवच्या जिल्हा रुग्णालयात दुसरे मत घ्यावे.

सभासदांनी काय करावे?

आपल्या फडात येणाऱ्या टोळीत बीडची माणसे असतात, तशी आपल्याच भूम, वाशी, कळंबकडचीही असतात. ऊस आपला, तोडणारी माणसेही आपलीच. फडावर पिण्याचे पाणी ठेवा, ताडपत्रीचा आडोसा करून द्या. टोळीतली बाई दुखते म्हणाली तर मुकादमाला सांगून तिला त्याच दिवशी दवाखान्यात पोचवा. तिचा त्या दिवसाचा खाडा धरू नये, हा शब्द मुकादमाशी टोळी उतरतानाच बोलून घ्या. आमच्या खात्यात हिशेब टनाचा होतो. एका दिवसाने टन काही फार कमी होत नाहीत.

आणि घरात? आपली कारभारीण चुलीपुढे पोट धरून बसते आणि विचारले तर "काही नाही" म्हणते. तिला दुसऱ्यांदा विचारा.

– ऊस विकास अधिकारी